चायनीजच्या गाड्या आणि आपला भरकटलेला वाद

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीच्या सभेत एक ठराव आला. चौकात संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या तीन गाड्या महापालिकेने कायमच्या हटवाव्यात, अशी त्यात मागणी होती. सव्वा तास चर्चा झाली. ठरावाच्या बाजूच्या मंडळींनी चिनी अन्न, अजिनोमोटो, मुलांची बिघडलेली पोटे आणि बुडत चाललेली आपली खाद्यसंस्कृती हे सगळे एका दमात सांगितले. विरोधकांनी ‘गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका’ हे एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हटले. त्या गाड्यांवर पाणी कुठून येते, हे कोणीही विचारले नाही. दुपारी शिजवलेला भात रात्री अकरापर्यंत कुठे आणि कसा ठेवलेला असतो, हेही कोणी विचारले नाही. सभा संपली तेव्हा मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्या अन्नाविषयी आपण बोलत होतो ते अन्न त्या सव्वा तासात एकदाही चर्चेत आले नव्हते.

माझे मत मी आधीच सांगून टाकते. सोलापुरात गाडीवर चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारी अर्धी प्लेट नूडल्स हे आता या शहराचे अन्न आहे आणि तिला हाकलण्याची भाषा आपण बंद केली पाहिजे. मात्र ती या शहराचे अन्न आहे म्हणूनच तिच्यातले तेल, रंग, भात आणि पाणी यांची तपासणी कोणत्याही मोठ्या हॉटेलाइतकीच कडक झाली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे मानून आमच्या सभेने दोन तट पाडले. मला त्या एकाच न्यायाच्या दोन बाजू वाटतात.

परकेपणाचा मुद्दा प्रथम घेते, कारण सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या. सोलापूरचे खरे अन्न कोणते, असे विचारले तर आपण एका सुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी असे उत्तर देऊ. त्यातला भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लाल मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर उतरली. ज्वारी त्यांच्या मानाने फार जुनी, पण तिचेही मूळ आफ्रिकेत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला आणि तो योग्यच होता, कारण पीक कुठून आले याच्याइतकेच ते कोणत्या मातीत रुजले आणि कोणत्या हातांनी सांभाळले यालाही मोल असते. मग हाच नियम कढईत परतलेल्या नूडल्सना का लावायचा नाही? पिठाचे लांब धागे करून ते वाळवणे आणि लागतील तेव्हा उकडून खाणे आपल्या घरांना नवे नाही. उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नूडल्सचा आकार तरी अनोळखी वाटायला नको. गाडीवरची शेजवान चटणी चीनमधल्या सिचुआन प्रांताचे नाव लावते, पण तिथली जिभेला बधिर करणारी मिरी तिच्यात नसते. लाल मिरची, लसूण आणि तेल यांची ती आपल्याकडच्या लसणीच्या चटणीची जवळची नातलग आहे.

याला एक गंभीर उत्तर दिले जाते आणि ते मी टाळणार नाही. गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्याच जून महिन्यात केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी, अशी मागणी केली. तो संताप खोटा नव्हता. या जिल्ह्यातल्या गावागावांतून मुले सैन्यात जातात. त्यांच्या आईवडिलांसमोर उभे राहून ‘अन्नाला सीमा नसते’ असले गुळगुळीत वाक्य म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. पण तो राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस या गाडीवर उभा आहे का, एवढे तरी पाहिले पाहिजे. आपण ज्याला चायनीज म्हणतो ते जेवण भारतात घडले, आणि ते घडवण्यात कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या हक्का कुटुंबांचा वाटा मोठा आहे. गाडीवरच्या पाटीवर ‘हक्का नूडल्स’ म्हणून ज्यांचे नाव लिहिलेले असते, ती हीच माणसे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत इथेच जन्मलेली मुले आणि म्हातारी माणसेही होती. एका सरकारच्या आगळिकीचा राग आपल्याच शेजाऱ्यांवर काढला की काय होते, याचा तो दाखला आहे. मंचुरियनची जन्मकथाही भारतातलीच सांगितली जाते. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस व कॉर्नफ्लोअर घालून तो पदार्थ केला.

आणि सोलापूरकराने तरी ‘चिनी’ हा शब्द शिवीसारखा वापरू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच शहरात जन्मले. जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. ते तिथेच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नावांतले एकेक अक्षर घेऊन त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले होते. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहली घेऊन मी अनेकदा गेले आहे. तिथे मुलांना जे शिकवायचे, त्याच्या नेमके उलटे वसाहतीच्या सभेत बोलायचे, हे मला जमणार नाही.

खाण्यावरून समाज ढवळून निघण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने जमलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे त्या बैठकीला होती. उपस्थितांची नावे छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या वादात चहा प्रकृतीला कसा, हा प्रश्न कधीच नव्हता. तो कोणाच्या हातचा आणि कोणाच्या पंगतीत बसून घेतला, हा प्रश्न होता. त्याच चहावाचून आज आपली एकही सभा होत नाही. आमच्या वसाहतीतल्या वादाकडे पाहताना मला तीच जात ओळखू येते. ज्या सभासदांनी ठरावावर सह्या केल्या, त्यांच्या घरच्या लग्नांत बुफेच्या एका टोकाला चायनीजचे काउंटर असते, आणि वातानुकूलित हॉटेलात अडीचशे रुपयांना तीच नूडल्सची प्लेट आली की खाद्यसंस्कृती बुडत नाही. मग आक्षेप नूडल्सना आहे, की रस्त्याच्या कडेला उभे राहून ती खाणाऱ्या माणसांना? संध्याकाळी आपल्या चौकात यंत्रमागावरची, गारमेंटच्या कारखान्यातली, गॅरेजमधली पोरे जमतात, हे काहींना खुपते. ते त्यांनी निदान स्वतःशी तरी कबूल करावे, म्हणजे वाद प्रामाणिक होईल.

आता भाकरीचा मुद्दा. ‘मुले घरची भाकरी खाईनाशी झाली’ ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्या आईची काळजी मला कळते. मीही तीच काळजी केली आहे. पण भाकरी ताटातून कोणी उचलली? उजनीचे पाणी शिवारात आले तसा ऊस वाढत गेला; साखर कारखान्यांच्या संख्येत आज आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, आणि उसाखाली गेलेली कितीतरी रानं एके काळी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण रेशनच्या दुकानात पिशवीत पडत आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यात वेळेचा हिशेब मिळवा. शहराच्या पूर्व भागात दिवसाला हजार विड्या वळण्याचे लक्ष्य ठेवून पानं कातरत बसलेल्या बाईला कारखान्यात माल देऊन परतल्यावर चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसून आठ-दहा भाकऱ्या थापायला किती बळ उरते? तिने एखाद्या संध्याकाळी दोन मुलांना एक अर्धी प्लेट आणि वर मंचुरियनचे चार गोळे आणून दिले, तर ती संस्कृती बुडवते आहे असे म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. भाकरी वाचवायची असेल तर शाळूला भाव, रेशनमध्ये ज्वारी आणि घरातल्या पुरुषांनी परातीला हात लावणे, या दिशेने बोलले पाहिजे. गाडी हटवल्याने परातीत पीठ येत नाही.

आरोग्याचा आक्षेप मात्र सर्वांत बळकट आहे, आणि तो मांडणाऱ्यांनीच तो सर्वांत दुबळ्या जागेवरून मांडला, याचे मला दुःख आहे. सगळा भर अजिनोमोटोवर होता. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे केले; अजिनोमोटो म्हणजे त्याचाच क्षार. पिकलेल्या टोमॅटोची चव भरते त्यातही ग्लुटामेट असतेच. १९६८ मध्ये एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चायनीज जेवणानंतर जाणवणाऱ्या बधिरपणाची व धडधडीची शंका मांडली आणि तिथून ही भीती जगभर गेली. पुढे झालेल्या काटेकोर चाचण्यांत ती सातत्याने सिद्ध झाली नाही, आणि १९८७ मध्ये अन्नातील मिश्रके तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीला त्याच्या रोजच्या सेवनावर आकड्यात मर्यादा घालण्याची गरज वाटली नाही. कोणाला ते सोसत नसेल तर त्याने ‘घालू नका’ म्हणावे; गाडीवाला ऐकतो. पण या एका पांढऱ्या पुडीकडे बोट दाखवताना आपण खऱ्या धोक्यांकडे पाठ फिरवतो.

खरा धोका भातात आहे. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही मोठ्या आचेवर परतले तरी जात नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात फ्राइड राइसमधून उलट्यांचे उद्रेक झाले ते याच कारणाने, आणि त्यावरचा उपाय साधा निघाला: भात थोडा थोडा शिजवावा, आणि एक तर कडकडीत गरम किंवा लगेच थंड करून ठेवावा. आता आपल्या शहराचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. बेचाळीस अंशांच्या दुपारी उकडलेला भात प्लास्टिकच्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली संध्याकाळची वाट पाहत असतो. सोलापुरात फ्राइड राइस खाऊन रात्रभर उलट्या झालेल्या कितीजणांनी त्याचा दोष अजिनोमोटोला दिला असेल! दुसरा धोका पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा. तेल तापून बिघडते तशी त्यात वाढणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते वापरू नये, असा नियम देशात जुलै २०१८ पासून आहे, पण मंचुरियन तळण्याच्या कढईत तो कोण तपासतो? तिसरा धोका मिठाचा आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून जास्त मीठ असते आणि दिवसभराची सुचवलेली मर्यादा पाच ग्रॅमांची आहे. शिवाय अर्ध्या प्लेटीत मैदा भरपूर आणि प्रथिने अगदी थोडी. हे अन्न रोजचे नाही, आणि मुलांना ते तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

रंगाविषयी सोलापूरकराला वेगळे समजावण्याची गरज नसावी. सुताला चढवण्याचा रंग आणि पोटात जाणारा पदार्थ यांतला फरक या चादरींच्या शहराला ठाऊक आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग आढळले. सरकारने त्या पदार्थात असे रंग वापरण्यावर बंदी घातली. कपडे रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रोडामाइन-बी वरही बंदीच आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने मात्र गोबी मंचुरियनच्या विक्रीलाच मज्जाव केला. कारण दोन्हीकडे जवळपास तेच होते: रंग आणि अस्वच्छता. कर्नाटकाने विष काढून पदार्थ ठेवला. म्हापशाने पदार्थ काढला. यातला कोणता मार्ग लोकांना चांगले अन्न देतो? मंचुरियन गेले तरी तोच रंग उद्या जिलेबीत आणि तेच तेल वड्यात असणारच. आपल्या प्रसिद्ध डिस्को भज्यांची कढई आपण कधी तपासली आहे का?

इथपर्यंत वाचून ठरावाचे विरोधक सुखावले असतील, पण त्यांच्याशीही माझे भांडण आहे. ‘गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका’ म्हणताना ते फक्त विकणाऱ्या गरिबाचा विचार करतात. खाणाराही गरीबच असतो. त्याला उलट्या झाल्या तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो, औषधाला दीडशे-दोनशे जातात, आणि त्याने तक्रार केल्याची कुठे नोंदही होत नाही. दया दाखवायची म्हणून तपासणी नको, असे म्हणणे म्हणजे स्वस्त खाणाऱ्याचा जीवही स्वस्त मानणे आहे. २०११ च्या अन्न परवाना नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यासाठी केवळ शंभर रुपये वार्षिक शुल्काची नोंदणी ठेवली ती याच विचाराने, की छोटा माणूस कायद्याच्या आत यावा. तो बाहेर राहिला की त्याच्याकडून हप्ता घेणाऱ्यांचे फावते, आणि त्याच्या कढईत काय आहे याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

पदपथ अडतो, सिलिंडर उघड्यावर असतो, खरकटे पाणी गटारीच्या तोंडाशी साचते, आणि बायकांना रात्री त्या गर्दीतून वाट काढावी लागते, हेही सारे खरे आहे. मी स्वतः रस्त्यात उतरून चालते. परंतु या प्रश्नाचा कायदा २०१४ पासून आपल्याकडे आहे. पथविक्रेता कायद्यानुसार शहराने पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा नेमून द्यायच्या, आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही. निर्णय घेणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असेही त्यात आहे. अतिक्रमणाची गाडी येणार असे कळले की आधी गाडा ढकलत गल्लीत न्यायचा आणि ती गेली की परत आणायचा, या रोजच्या पळापळीत ना विक्रेत्याला स्थैर्य मिळते, ना आपल्याला पदपथ.

सभेनंतर दोन दिवसांनी मी त्या तीन गाड्यांपैकी एकीवर गेले. ती चालवणारा मुलगा एके काळी माझ्या वर्गात होता. कोबी आणि सिमला मिरची बारीक चिरताना त्याचा हात विलक्षण जलद चालतो; भट्टीची आच मोठी करून कढई हवेत झटकतो तेव्हा नूडल्सचा एकही धागा बाहेर पडत नाही. हे कौशल्य आहे, आणि ते त्याला कोणत्याही शाळेने दिलेले नाही. मी ताटल्या धुण्याच्या बादलीकडे बोट दाखवले. तिच्यातले पाणी करडे झाले होते. तो ओशाळला, मग म्हणाला, “बाई, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. घरी प्यायलाच पुरत नाही, गाडीवर कुठनं आणू सांगा की.” मी निरुत्तर झाले, कारण माझ्या घरी टाकी आहे, बोअर आहे आणि त्याच्याकडे दोन बादल्या आहेत. उजनी भरून वाहते त्या वर्षीही या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि त्या अपयशाचा डाग मात्र आपण त्याच्या बादलीवर शोधतो. भाताविषयी विचारले तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हते. कोणी सांगितलेच नव्हते. दोनदा थोडा थोडा भात लावायला काय लागेल, याचा हिशेब त्याने तिथल्या तिथे केला आणि गॅसचा खर्च किती वाढेल तेही सांगितले. तो खर्च फार नव्हता.

आमचा ठराव मतदानाला न येता पुढच्या सभेवर गेला आहे. त्या सभेत मी दुसरा मसुदा मांडणार आहे. तिन्ही गाड्या चौकाच्या वळणापासून मागे, मैदानाच्या भिंतीलगत नेण्यासाठी वसाहतीने महापालिकेकडे अर्ज करावा; तिथे पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याची जोडणी मागावी, आणि ती मिळेपर्यंत वसाहतीच्या बोअरमधून रोज दोनशे लिटर पाणी द्यावे; अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावून विक्रेत्यांची नोंदणी आणि एक दिवसाचे प्रशिक्षण व्हावे; तेल आणि रंग यांचे नमुने दर तीन महिन्यांनी तपासावेत आणि अहवाल गाडीवरच लावावा. पाण्याच्या कलमाला विरोध होईल, हे मला माहीत आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.